लाटायला एक, भाजायला एक

नॉर्वेच्या एकूण भूभागापैकी जेमतेम तीन टक्के जमीन लागवडीखाली आहे. बाकी सारे डोंगर, खडक, जंगल आणि पाणी. उन्हाळा तोकडा, त्यामुळे गव्हाचा भरवसा नाही. शतकानुशतकं तिथल्या शेतकऱ्याला तारलं ते सातूनं आणि ओटनं. या दोन्ही पिठांत गव्हाच्या कणकेचा चिवटपणा नसतो. ज्वारीची भाकरी थापताना काठाला चिरते, तसंच हे पीठ लाटताना चिरतं, आणि त्याचा फुगलेला पाव तर होतच नाही. म्हणून नॉर्वेतल्या घरांनी पीठ फुगवायचा नाद सोडला आणि ते पातळ लाटण्यात हात बसवला. पीठ, पाणी, मीठ, एवढ्यावर लाटलेली हातभर रुंद पोळी पाण्याचा अंश उडेपर्यंत भाजायची, की झाला कुरकुरीत फ्लाटब्रो. त्याच घराण्यातली मऊ पोळी म्हणजे लेफ्से, आज बहुतेक ठिकाणी उकडलेल्या बटाट्याची. हे दोन्ही पदार्थ आजीकडून शिकायचे, असं नॉर्वेत आणि अमेरिकेतल्या नॉर्वेजियन वंशाच्या घरांत मानतात. त्याकडे सहसा हळवेपणानं पाहिलं जातं: नाताळ, आजी, जुन्या आठवणी. पण आजी-नातवंडांची ही जोडी मायेपोटी जमली असली, तरी टिकली ती कामाच्या गरजेपोटी. हे काम एकट्यानं धड होत नाही, आणि म्हणूनच ते एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिलं.

त्यासाठी जुन्या शेतघराचं वर्ष कसं चालायचं ते पाहायला हवं. दळण ओढ्यावरच्या छोट्या पाणचक्कीवर व्हायचं. हिवाळ्यात ओढे गोठायचे, उन्हाळ्यात पाणी आटायचं; चक्की भरात चालायची ती वसंतात बर्फ वितळल्यावर आणि शरदातल्या पावसात. दळण असं हंगामी, म्हणून भाजणंही हंगामी. वर्षातून दोन-तीनदा चुलीपाशी दिवसच्या दिवस बैठक मांडायची आणि पुढचे कित्येक महिने पुरेल इतका साठा करायचा. ओल नसल्यामुळे फ्लाटब्रोला बुरशी धरत नाही. खांबांवर उचललेल्या लाकडी कोठारात त्याच्या चळती रचून ठेवत. बारशाला भाजलेला फ्लाटब्रो साखरपुड्याला खाता येतो, असं लोक गमतीनं म्हणत. भाजायची साधनंही अशीच पिढ्यान्‌पिढ्यांची. हार्डांगर भागातल्या ऑल्वे आणि हाटलेस्ट्रांड इथल्या खाणींतून सुमारे ११०० सालापासून दगडी तवे काढले जात. बर्गनच्या मध्ययुगीन वस्तीच्या उत्खननात त्यांचे तुकडे सापडले आहेत. पुढे लोखंडी तवा आला आणि आता विजेचा. त्याला तिथे टाक्के म्हणतात.

एवढा मोठा साठा करायचा तर एकीनं लाटायचं आणि दुसरीनं तव्याशी बसायचं, ही वाटणी ठरलेलीच. साठ-सत्तर सेंटिमीटर रुंदीची पोळी लाटणारीचे हात पिठात गुंतलेले. ती आचेकडे पाहायला गेली तर पाटावरची पोळी सुकते, आणि लाटत राहिली तर तव्यावरची करपते. काही भागांत भाजण्यात तरबेज असलेल्या बायका हंगामात या शेतघरातून त्या शेतघरात कामाला जात. त्यांच्या हाताखाली घरातली मुलगी असायची. ती आधी आच सांभाळायला शिकायची, मग पोळी उलटायला आणि अखेरीस लाटायला. शिकवणं हा वेगळा कार्यक्रम नव्हताच. कामाला दुसरा माणूस लागायचा, आणि तो शिकाऊच असायचा.

एकोणिसाव्या शतकात हे गणित बदललं. घरोघरी ओव्हन असलेल्या लोखंडी चुली आल्या, बाहेरून धान्य येऊ लागलं, यीस्टचा पाव रोजचा झाला. फ्लाटब्रो टिकाऊ असल्यामुळे कारखान्यात करून खोक्यात भरून विकणं सोपं होतं, आणि झालंही तसंच. आज नॉर्वेतल्या कुठल्याही किराणा दुकानात तो मिळतो. लेफ्सेचं मात्र उलटं झालं. पाकिटातली लेफ्से बाजारात आहे, पण बटाट्याची ताजी मऊ लेफ्से दोन-तीन दिवसांतच खावी लागते, म्हणून ती बऱ्याच घरांत अजून हातानंच होते. टिकणारा पदार्थ स्वयंपाकघरातून उठून गेला आणि न टिकणारा मागे राहिला, यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पदार्थ जपणं वेगळं आणि त्याची विद्या जपणं वेगळं. फ्लाटब्रो दुकानात खुशाल आहे. तो लाटू शकणारे हात मात्र विरळ झाले आहेत.

‘पाककृती लिहून ठेवा, व्हिडिओ करा, मग आजी कशाला हवी?’ हा पहिला आक्षेप. त्याचं उत्तर लेफ्सेच्या पिठातच आहे. बटाटे उकडून गरम असतानाच बारीक करायचे, त्यात लोणी, साय आणि मीठ घालायचं आणि ते मिश्रण पुरतं गार होऊ द्यायचं, बहुधा रात्रभर. पीठ मिसळायचं ते अगदी लाटण्याच्या वेळी. बटाटा कोमट राहिला तर गोळा चिकट होतो आणि जास्त पीठ मागतो. पीठ जास्त पडलं की लेफ्से वातड. किती पीठ घालायचं हे बटाट्यातल्या ओलीवर ठरतं, आणि ती ओल दर पोत्यागणिक वेगळी. कागदावरचं माप इथे अंदाजापुरतंच. मग लाटणं: कापड ताणून बसवलेला पाट, खाचा पाडलेलं लाटणं, मधून कडेकडे हलका दाब. पोळी पाटभर झाली की लांब, चपटी लाकडी पट्टी तिच्या मधोमध खालून सरकवायची, उचलायची, आणि दोन्ही बाजूंनी लोंबणारी पोळी तव्यावर अर्धी टेकवून पट्टी गोल फिरवत उलगडायची. पट्टी किती तिरकी धरायची, हे सांगून कळत नाही. चुकताना शेजारी कुणी असेल तर ‘जरा आडवी धर’ एवढ्या दोन शब्दांत काम होतं. व्हिडिओतली बाई आपली पट्टी दाखवू शकते, आपल्या हातातली पाहू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. या साऱ्याचं कौतुक म्हणजे बायकांच्या बिनपगारी कष्टाचं कौतुक नव्हे काय? धुरात, पाठ मोडेस्तोवर दिवसच्या दिवस भाजत बसणं कुणाला हवंसं वाटलं असेल? आक्षेप खरा आहे. कारखान्यातल्या फ्लाटब्रोनं ते ओझं उतरवलं याबद्दल कुणी हळहळू नये. पण कष्ट नाकारताना त्यातलं ज्ञानही नाकारायची सवय जुनी आहे. लोककथांचे संग्राहक म्हणून गाजलेल्या पेटर क्रिस्टन आस्ब्यॉर्नसेन यांनी १८६४ मध्ये टोपणनावानं स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं आणि शेतकरी बायका लापशी उतरवताना वरून कच्चं पीठ घालतात ही नासाडी आहे, अशी टीका केली. समाजशास्त्रज्ञ आयलर्ट सुंट बायकांच्या बाजूनं उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या रीतीमागे अनुभव आहे, तो आधी समजून घ्या, असं त्यांचं म्हणणं. हे भांडण नॉर्वेच्या इतिहासात ‘लापशीचं युद्ध’ म्हणून नोंदलं गेलं. धडा इतकाच, की लिहून न ठेवलेलं ज्ञानही ज्ञानच असतं. आज तव्याशी नातू बसतो की नात, याला महत्त्व उरलेलं नाही. सक्ती गेली आणि विद्या राहिली, तर त्यात बायकांचं नुकसान काहीच नाही.

तिसरा आक्षेप असा, की ही परंपरा म्हणावी इतकी जुनी तरी आहे का? बटाटा नॉर्वेत अठराव्या शतकाच्या मध्यावर पोचला. गावोगावच्या पाद्र्यांनी त्याचा प्रचार केला, आणि नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिश आरमारानं समुद्र अडवून धान्य तोडलं तेव्हा तो घरोघरी रुजला. इब्सेनच्या ‘टेरये वीगेन’ या दीर्घकवितेचा नायक बायको आणि लेकीसाठी सातू आणायला डेन्मार्कपर्यंत होडी वल्हवत जातो, तो याच उपासमारीच्या काळात. म्हणजे बटाट्याची लेफ्से फार तर दोन-अडीच शतकांची. पण यानं मुद्दा ढासळत नाही, उलट पक्का होतो. घटक बदलले, तवा दगडाचा लोखंडी झाला आणि लोखंडाचा विजेचा, तरी लाटणारा एक आणि भाजणारा एक ही मांडणी तशीच राहिली. १८२५ मध्ये स्टावांगरहून ‘रेस्टोरासियोन’ हे गलबत अमेरिकेला निघालं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन त्या वाटेनं गेले. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटात त्यांच्या पणतवंडांना आजोळची भाषा बहुधा येत नाही, पण लेफ्से येते. जिथे घरात आजी उरली नाही, तिथे चर्चच्या तळघरात किंवा ‘सन्स ऑफ नॉर्वे’सारख्या मंडळात लोक जमतात, कुणी बटाटे सोलतं, कुणी लाटतं, कुणी उलटतं. नात्याची आजी नसेल तर कामापुरती आजी मिळवावी लागते, आणि ती मिळते.

जुनी पाकविद्या वाचवायला निघालेल्यांनी यातून काय घ्यावं? आपण आधी धावतो ते पाककृती टिपायला, मापं मोजायला, चित्रण करायला. ते जरूर करावं. पण त्याआधी या कामाला किती हात लागतात आणि त्यांतला नवखा हात कोणता, हे विचारावं. जे काम एकट्यानं उरकता येतं ते माहीतगाराबरोबर संपू शकतं, कारण त्याला शिकाऊ माणसाची गरजच पडत नाही. ज्याला मदतनीस लागतो ते काम आपला वारस आपणच शोधून आणतं. म्हणून लेफ्सेचे धडे द्यायचे तर पंचवीस जणांना समोर बसवून दाखवण्यापेक्षा एका तव्याशी दोघांना उभं करावं, एक जाणता आणि एक अजाण, आणि पहिल्या दहा-बारा पोळ्या फाटतील हे गृहीत धरून पीठ थोडं जास्त भिजवावं.