फिरू द्या, पण ठावठिकाणा ठेवा



गेल्या हंगामात जानेवारी महिन्यात एका खोडव्याची पाहणी करीत होतो. बांधावर एक म्हातारे गृहस्थ उभे. "आबा, कुणीकडं?" म्हटलं. "घराकडं निघालोय, पण वाटच सापडंना." आबांचं गाव मागे चार किलोमीटर राहिलं होतं. मुलगा-सून कर्नाटकात तोडीला गेलेले, घरी फक्त शाळकरी नात. खिशात ना चिठ्ठी, ना नंबर. तीन गावं विचारीत मोटारसायकलवरून घरी पोचविलं, तोवर दिवस मावळला होता. नात दारात रडत बसली होती.

आपण याला म्हातारचळ म्हणून सोडून देतो. पण हा स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे साठ वर्षांपुढील शंभरांत सुमारे सात जणांना तो आहे. अशा माणसाला कोंडून ठेवलं, तर चिडचिड वाढते आणि चालणं सुटून पायातली ताकदही जाते.

यावर एक उपाय म्हणजे जीपीएसचे छोटे यंत्र. हे घड्याळासारखं मनगटावर किंवा गळ्यात घालता येतं. ते किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन आपली जागा ठरवितं आणि आतल्या सिमकार्डावरून घरच्यांच्या मोबाईलवर कळवितं. उसाच्या नोंदीला आपण मोबाईल घेऊन प्लॉटची हद्द फिरतो, तशीच गावाभोवती हद्द आखून देता येते. माणूस हद्दीबाहेर गेला की फोनवर इशारा येतो. मात्र चार्जिंग संपलं किंवा रेंज नसली, तर यंत्र मुकं होतं.

दुसरा उपाय स्वस्त. मुंबईत अक्षय रिडलन या तरुणाने क्यूआर कोडचे लॉकेट तयार केले. २०२४ साली वरळीचा १२ वर्षांचा गतिमंद मुलगा हरवून कुलाब्यात सापडला. पोलिसांनी गळ्यातला कोड मोबाईलने वाचला आणि घरच्यांचा पत्ता लागला. या लॉकेटला चार्जिंग लागत नाही, पण ते वाचणारा माणूस भेटावा लागतो. तेही जमत नसेल, तर पितळी बिल्ल्यावर फोन नंबर कोरून घ्या.

यंत्र जागा सांगेल, हात धरून घरी आणणार नाही. म्हणून टोळी निघण्याआधी तीन गोष्टी करा. म्हाताऱ्या माणसाला समजतंय तोवर त्याला विचारून, पटवून यंत्र घाला. इशारा गावातल्या कोणत्या भाऊबंदाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवर जाईल, ते ठरवा. आणि एकदा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात दाखवून आणा. माणूस हरवलाच, तर लगेच ११२ नंबरला कळवा. चोवीस तास वाट पाहू नका.

उसाची नोंद आपण वेळेत करतो. घरातल्या जाणत्यांचीही वेळेत करा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी