कळा सुरू झाल्यावर आडवे का व्हायचे?

कळा सुरू झाल्या की बाईला खाटेवर उताणे निजवण्याची सवय आपल्याकडे अजून सुटलेली नाही. ती सुटायलाच हवी. उभे राहिल्यावर बाळाचे डोके गर्भाशयाच्या मुखावर नीट टेकते आणि कळा जोर धरतात. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून बाळाकडचा रक्तपुरवठा घटू शकतो. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात पाच हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या होत्या. उभ्या, हिंडत्याफिरत्या बायकांचा बाळंतपणाचा पहिला टप्पा सरासरी १ तास २२ मिनिटांनी लवकर आटोपला. कळ आली की भिंतीला हात टेकून पुढे वाकावे, सोबतिणीने माकडहाडाच्या जरा वर तळव्याने घट्ट दाबून धरावे.

मग बाळाचे ठोके कसे तपासायचे, हा प्रश्न रास्त आहे. जोखीम नसेल तर थोड्याथोड्या वेळाने डॉपलर यंत्र लावून उभ्या बाईच्या पोटावरही ते ऐकता येतात. रक्तस्राव, हिरवट पाणी किंवा ठोक्यांत बिघाड असल्यास मात्र डॉक्टर सांगतील तेच. दमलेल्या बाईला बळेच चालवणेही चूकच. तिला कुशीवर पडू द्यावे. आणि कळा वाढाव्यात म्हणून एरंडेल पाजू नये: जुलाब-उलट्यांनी ती ऐन वेळी गळून जाते.