उधारीच्या खात्यातला 'शेख' संगणकाला का सापडत नाही?

बल्लारशाहच्या आगारातून लाकूड उचलणारा व्यापारी असो, आलापल्लीचे सागवान घडवणारा सुतार असो, की तेंदूच्या हंगामात सत्तर पानांचा पुडा आणि हजार पुड्यांची प्रमाण गोणी असा हिशेब ठेवणारा ठेकेदार असो, प्रत्येकाचा धंदा वहीवर चालतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक दुकानांत ही वही आता संगणकात गेली आहे. संगणकातील या वहीला डेटाबेस म्हणतात.

वहीची पाने आपण बोटाने उलटतो. डेटाबेसला मात्र ठरावीक भाषेत प्रश्न विचारावा लागतो. या प्रश्नाला क्वेरी आणि त्या भाषेला एसक्यूएल म्हणतात. आयबीएम कंपनीचे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली तिचा आराखडा मांडला. जाणकार मंडळी क्वेरी आधी नोटपॅडसारख्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहून घेतात आणि मग चालवतात. येथेच पुष्कळांची गाडी अडते. उत्तराऐवजी इंग्रजीत चुकीचा संदेश येतो आणि दुकानदार घाबरतो की सारी उधारी पुसली गेली. तसे सहसा झालेले नसते. संगणकाला आपले वाक्य वाचता आले नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ असतो.

संगणक वाक्य कसे वाचतो?

एक साधी क्वेरी पाहा. प्रत्यक्षात आज्ञा रोमन लिपीत टाइप करायच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत.

सिलेक्ट * फ्रॉम उधारी व्हेअर नाव = 'रहीम';

म्हणजे उधारीच्या तक्त्यातून ज्या ओळीत नाव रहीम आहे ती काढून दाखव. संगणक हे वाक्य डावीकडून वाचत जातो आणि त्याचे तुकडे पाडतो. आज्ञा कोणती, तक्ता कोणता, रकाना कोणता हे तो ठरवतो. या कामाला पार्सिंग म्हणतात. एकेरी अवतरण चिन्ह आले की नाव सुरू झाले आणि पुन्हा तेच चिन्ह आले की नाव संपले, असे तो मानतो. अर्धविराम आला की वाक्य संपले. माणूस संदर्भाने समजून घेतो, संगणक तसे करत नाही. एक चिन्ह इकडचे तिकडे झाले की तो तेथेच थांबतो.

संदेश नीट वाचावा

मायएसक्यूएल या प्रणालीत अशा वेळी १०६४ क्रमांकाची चूक दिसते. संदेशात 'निअर' म्हणजे 'जवळ' हा शब्द असतो आणि त्यापुढे आपल्याच क्वेरीचा तुकडा छापलेला असतो. वाचन जेथे अडले ती ही जागा. खरी चूक बहुधा त्या तुकड्याच्या लगेच आधी असते. 'निअर'पुढे काहीच छापलेले नसेल, तर संगणक वाक्याच्या टोकापर्यंत गेला आणि तरीही काहीतरी उघडेच राहिले असे समजावे. बहुधा कंस बंद करायचा राहिलेला असतो. ओरॅकल प्रणालीत अवतरण चिन्ह बंद न झाल्यास ०१७५६ क्रमांकाची चूक येते.

नेहमीचे गुन्हेगार

पहिला गुन्हेगार म्हणजे वळणदार अवतरण चिन्ह. वर्डसारख्या लेखन-प्रणालीत क्वेरी लिहिली की ती सरळ चिन्हांची आपोआप गोलसर चिन्हे करते. कागदावर ती छान दिसतात, पण डेटाबेस त्यांना ओळखत नाही. म्हणून क्वेरी वर्डमध्ये लिहू नये.

दुसरा गुन्हेगार रकमेतला स्वल्पविराम. नवी नोंद घालताना सव्वा लाख रुपये १,२५,००० असे लिहिले, तर संगणक त्याचे तीन वेगळे आकडे करतो. नाव आणि रक्कम असे दोनच रकाने आणि किमती मात्र चार, म्हणून तो नोंद नाकारतो. रक्कम सलग लिहावी.

तिसरा गुन्हेगार देवनागरी अंक. क्वेरीत ते तसेच टाकले तर संगणक त्यांना रकान्याचे नाव समजतो आणि असा रकाना नाही म्हणून सांगतो. अंक इंग्रजी कळांनीच द्यावेत.

चौथा दिसतच नाही. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये युनिकोड फाइल जतन केली की सुरुवातीला एक अदृश्य खूण बसत असे. काही प्रणाली पहिल्याच शब्दावर अडतात त्या यामुळे. २०१९ मधील विंडोज १० च्या सुधारणेपासून नोटपॅड अशी खूण आपणहून घालत नाही, पण जुन्या फाइलींत ती असू शकते. मोबाइलवरील निरोपातून उचललेल्या मजकुरातही अशा न दिसणाऱ्या जागा येतात. नोटपॅड प्लस प्लस या मोफत एडिटरमध्ये सर्व चिन्हे दाखवण्याची सोय आहे, ती चालू करून पाहावी.

'शेख' नावाचे कोडे

आता आपल्या भागात हमखास भेटणारी अडचण. विदर्भात मराठी टंकलेखनासाठी कृतिदेव फॉन्ट फार वापरला गेला. या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात मराठी अक्षर साठवलेले नसते. तेथे रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. कृतिदेव ०१० मध्ये अर्ध्या 'श'साठी जी कळ आहे ती म्हणजे नेमके एकेरी अवतरण चिन्ह!

म्हणून 'शेख' हे नाव आत साठते ते असे: एकेरी अवतरण चिन्ह, के, एस, चौकोनी कंस, के. ते क्वेरीत चिकटवले की आपण नाव सुरू करण्यासाठी एक चिन्ह दिले आणि लगेच नावातलेच दुसरे आले. संगणक समजतो की नाव रिकामेच होते आणि संपलेही. पुढची अक्षरे त्याला कळत नाहीत आणि चूक येते. रहीम सापडतो, पण शेख, शरीफ, शब्बीर, रशीद सापडत नाहीत. शिंदे आणि देशपांडे यांचीही तीच गत. दोष ग्राहकाच्या खात्यात नसून त्याच्या नावातल्या 'श'मध्ये आहे.

एडिटरचा फॉन्ट कृतिदेव ठेवला तर हे चिन्ह अर्धा 'श' होऊन दिसते, मग चूक शोधणार कशी? म्हणून एडिटरला साधा इंग्रजी फॉन्ट ठेवावा. भाषा एसक्यूएल निवडली की आज्ञा आणि नावे वेगवेगळ्या रंगांत दिसतात. जेथून पुढचा मजकूर भलत्याच रंगात जातो, तेथे अवतरण चिन्हाचा घोळ आहे असे ओळखावे.

तात्पुरता उपाय म्हणजे नावातले एकेरी चिन्ह दोनदा लिहावे. दोन चिन्हे लागोपाठ आली की संगणक ती नावाचाच भाग धरतो. कायमचा उपाय म्हणजे सर्व नावे एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्वतंत्र जागा आहे आणि तेथे 'श' हा 'श'च राहतो.

चूक दिसण्याआधीच झालेले नुकसान

सर्वात सांभाळण्याची गोष्ट शेवटी. समजा रहीमने पैसे चुकते केले आणि त्याची उधारी शून्य करायची आहे. आपण लिहिले:

अपडेट उधारी सेट रक्कम = ०;
व्हेअर नाव = 'रहीम';

पहिल्या ओळीअखेर चुकून अर्धविराम पडला. संगणकाने तेथे वाक्य संपले असे मानले आणि गावातल्या सर्व ग्राहकांची उधारी शून्य केली. मग दुसरी ओळ वाचता येईना, म्हणून चुकीचा संदेश दिला. दुकानदाराला वाटते की क्वेरी चाललीच नाही, आणि वर्षभराची वसुली मात्र गेलेली असते. काही एडिटरमध्ये फक्त निवडलेला मजकूर चालतो. पहिलीच ओळ निवडली गेली तरी हाच प्रकार होतो, आणि तेव्हा संदेशही येत नाही.

म्हणून बदल करणारी क्वेरी चालवण्यापूर्वी त्याच अटीने सिलेक्ट चालवून किती ओळी येतात ते पाहावे. एका ग्राहकाचे काम असेल तर त्याचीच ओळ यायला हवी. 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' देऊन काम सुरू केले तर मायएसक्यूएलच्या नेहमीच्या तक्त्यांत 'रोलबॅक'ने बदल मागे घेता येतो, मात्र 'कमिट' देण्यापूर्वीच. रोज दुकान बंद करताना डेटाबेसची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. चुकीचा संदेश आल्यावर तीच क्वेरी घाईने पुन्हा चालवू नये. आधी 'निअर'पुढचा तुकडा वाचावा, मग त्याच्या मागचे एकेक चिन्ह तपासावे. क्वेरीत बदल करणारी आज्ञा असेल, तर चार ग्राहकांची बाकी जागेवर आहे की नाही तेही लगेच पाहून घ्यावे.