हृदय आणि वसुदेवाचा पेला

वारज्याच्या टेकडीच्या पायथ्याशी पाच मिनिटे स्वस्थ बसा आणि मनगटावरची नाडी मोजा. मिनिटाला साधारण 70 ते 80 ठोके भरतील. आता चढू लागा. थोड्याच पावलांत नाडी जलद झालेली आढळेल. ही वर्दी हृदयाला कोणी दिली?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ठोका पडण्यासाठी हृदयाला मेंदूच्या हुकमाची गरज नसते. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. किथ आणि फ्लॅक यांनी 1907 साली तो शोधला. हाच हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर.

तुम्ही वसुदेवाचा पेला पाहिला असेल. पाणी कृष्णाच्या पायाला लागले, की आत दडवलेल्या वक्रनलिकेतून पेला रिकामा होतो. तो नळाच्या धारेखाली ठेवला, तर भरणे आणि रिते होणे चालूच राहते. पेसमेकरच्या पेशीतही असेच घडते. तिथे पाण्याच्या पातळीऐवजी विद्युत्‌दाब असतो. तो सुमारे उणे 60 मिलिव्होल्टपासून चढत उणे 40 च्या आसपास पोचला, की पेशी उद्दीपित होते व ठोका पडतो. मग दाब पुन्हा खाली येतो आणि नवी चढण सुरू होते.

या नळाच्या तोटीवर स्वायत्त चेतासंस्थेचे दोन हात असतात. अनुकंपी चेता नॉरॲड्रेनॅलीन सोडून धार मोठी करतात. परानुकंपी गटातील प्राणेशा चेता ॲसिटिलकोलीन सोडून धार बारीक करते, शिवाय पेल्यातील पातळीही अधिक खाली नेते. साहजिकच पेला भरायला वेळ लागतो.

दोन्ही हात काढून घेतले तर? याचे उत्तर हृदयारोपणाने दिले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. 1994 साली दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांना यश आले. या शस्त्रक्रियेत हृदयाच्या चेता तुटतात. तरीही नवे हृदय धडधडते, आणि विश्रांतीतही मिनिटाला 90 ते 110 वेळा! म्हणजे आपण स्वस्थ बसलेलो असताना प्राणेशेने तोटी आवळून धरलेली असते. चढताना प्रथम तीच हात सैल सोडते, तेही एकदोन ठोक्यांत. अनुकंपी चेतांचा परिणाम काही सेकंदांनी दिसतो. आरोपित हृदयाला मात्र रक्तातून ॲड्रेनॅलीन येईपर्यंत थांबावे लागते. म्हणूनच अशा रुग्णांना व्यायामाची सुरुवात हळूहळू करायला सांगतात.

प्राणेशेचे काम तुम्हालाही अनुभवता येईल. बोटे मनगटावरच ठेवा. मानेवरची नाडी दाबू नका, तिथल्या दाबाने हृदयाची गती एकाएकी मंदावू शकते. आता सावकाश श्वास घ्या व सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. वर्गातल्या दहाजणांची नाडी अशी तपासून पाहा. कोणाची किती बदलते?