क्लायंट-प्रवाही रिमोट प्रोसिजर कॉलमधील तुटलेल्या जोडणीचा शोध

भिवंडीतील यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग थांबतो, कारण धोटा पलीकडे गेल्यावर ‘वेफ्ट फोर्क’ हा लहानसा काटा धागा खरोखरच आला आहे किंवा नाही हे चाचपून पाहतो. उभा धागा तुटल्यास मात्र साध्या मागावर विणकराच्या नजरेवरच भिस्त असते. संगणकांच्या परस्परसंवादात उद्भवणाऱ्या अशाच एका अडचणीचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दुसऱ्या संगणकावरील कार्य आपल्याच आज्ञावलीतील असल्याप्रमाणे करवून घेणे म्हणजे रिमोट प्रोसिजर कॉल. बिरेल आणि नेल्सन यांनी १९८४ च्या शोधनिबंधात, उत्तरास विलंब झाल्यास विचारणा करणारा संदेश मधूनमधून पाठविण्याची योजना मांडली होती. २०१५ मध्ये गूगलने खुल्या केलेल्या जीआरपीसी प्रणालीत ‘क्लायंट-प्रवाही’ हा एक प्रकार आहे. समजा, येथील एखाद्या गोदामाच्या दारावर मालाच्या प्रत्येक नगाची नोंद होऊन ती सर्व्हरकडे जाते आणि सर्व नोंदी संपल्यावर सर्व्हर एकच उत्तर देतो. हा तोच प्रकार होय.

अडचण येथेच आहे. सर्व्हरचे मौन येथे स्वाभाविक असते. त्यामुळे निरोगी आणि मृत जोडणी बाहेरून सारखीच दिसते. ‘संदेश पाठविला’ याचा अर्थ तो आपल्याच संगणकाच्या स्वाधीन झाला, एवढाच. सर्व्हरवरील आज्ञावली कोसळली तर तेथील कार्यप्रणाली जोडणी बंद झाल्याचे कळविते. परंतु वीजच गेली तर कळविणार कोण? पोच न मिळालेली माहिती लिनक्स पुनःपुन्हा पाठवीत राहते आणि पूर्वनिर्धारित मांडणीत सुमारे १५ मिनिटांनी प्रयत्न सोडते. पाठविण्याजोगे काहीच नसेल तर तेवढाही सुगावा लागत नाही. टीसीपीची स्वतःची तपासणी मुद्दाम सुरू करावी लागते आणि तीही पूर्वनिर्धारितपणे २ तासांच्या शांततेनंतरच होते.

यावर उपाय म्हणजे एचटीटीपी/२ मधील ‘पिंग’. ठराविक अवधीने पिंग पाठवावा आणि मुदतीत उत्तर न आल्यास जोडणी मृत समजावी. जीआरपीसीत ही मुदत सामान्यतः २० सेकंदांची असते. मात्र अतिउत्साह अंगाशी येतो : सर्व्हर पूर्वनिर्धारितपणे ५ मिनिटांहून कमी अंतराने येणारे पिंग खपवून घेत नाही, उलट जोडणीच तोडतो. म्हणून दोन्ही बाजूंची मांडणी एकत्रितपणे ठरवावी लागते. गो भाषेत आणखी एक खोच आहे. प्रवाह तुटल्यावर संदेश पाठविणारी क्रिया केवळ ‘प्रवाह संपला’ असे सांगते. खरे कारण उत्तर वाचावयास गेल्यावरच कळते. अनेक विद्यार्थी येथे फसतात.

पिंगचे उत्तर जोडणी सांभाळणारा भाग देतो. नोंदी घेणारी आज्ञावली अडकून पडली असली तरी उत्तर येतच राहते. मध्ये प्रॉक्सी असेल तर पिंग तिच्यापर्यंतच पोहोचतो. यास्तव संपूर्ण कॉलला कालमर्यादा घालणे आवश्यक ठरते.

जोडणी तुटल्याचे कळल्यावरही किती नोंदी स्वीकारल्या गेल्या हे कळत नाही, कारण एकमेव उत्तर शेवटी यावयाचे होते. सर्व नोंदी पुन्हा पाठविल्यास नग दोनदा मोजले जातील. प्रत्येक नोंदीस क्रमांक देऊन पुनरावृत्ती सर्व्हरने वगळावी, हा एक मार्ग. जेथे प्रत्येक नग मोलाचा आहे तेथे प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रकारच टाळून द्विदिश प्रवाह स्वीकारावा आणि सर्व्हरने दर शंभरेक नोंदींमागे शेवटच्या क्रमांकाची पोच द्यावी.