निरोपाचे घड्याळ : ऑटोमॅटिक की चावीचे?



सेवानिवृत्त होणाऱ्या सरांना-बाईंना वर्गणी काढून घड्याळ द्यायची पद्धत जुनीच. हल्ली जुन्या धाटणीचे ऑटोमॅटिक घड्याळ द्यावे असे बऱ्याच जणांना वाटते. घेण्याआधी ते चालते कसे, ते पाहू.

यात सेल नसतो. आत अर्धगोल वजन असते, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. काढून ठेवले तर अशी बरीच घड्याळे साधारण ४० तासांनी थांबतात. म्हणजे शनिवारी दुपारी काढलेले घड्याळ सोमवारी परिपाठाला बंद!

म्हणून आधी घालणारा माणूस बघा. रोज घालणार, फिरणार असतील तर ऑटोमॅटिक छान. फक्त लग्नकार्याला घालणार असतील तर एचएमटी जनतासारखे चावीचे बरे. काही ऑटोमॅटिक घड्याळांना चावीही देता येते; दुकानात विचारा.

मनगट बारीक असेल तर ३६ ते ३८ मिलिमीटरची, साध्या डायलची, चामडी पट्ट्याची निवडा. ‘३० मीटर’ लिहिले असले तरी ते घालून पोहायचे नाही. दिवसाला १०-२० सेकंद मागेपुढे होणे हा बिघाड नव्हे.

आणि हे सगळे एका चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा. नाहीतर घड्याळ थांबले की सरांना ते बिघडलेच वाटेल, आणि भेट दिलेल्यांना वाईट वाटू नये म्हणून ते कुणाला सांगणारही नाहीत.