नगरच्या फरारबाई

परदेशी जाऊन, पगाराची आशा न धरिता, नुसत्या निर्वाहावर शिकविण्याचे काम पत्करावे, अशी इच्छा अलीकडे आपल्या घरांतील तरुण मुलामुलींतही दिसू लागली आहे. मुलाने असा बेत बोलून दाखविला की घरातील वडील मंडळी प्रथम विचारतात ती खाण्याजेवणाची, हवापाण्याची आणि सोबतीची गोष्ट. प्रश्न वाजवी आहेत. पण खरी अडचण निराळीच असते असे मला वाटते. ती कोणती हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. आमच्या कड्याहून जेमतेम दोन मजलांवर असलेल्या नगर शहरी (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) अशीच एक परदेशी शिक्षिका राहून गेली. तिचे नाव सिंथिया फरार.

ह्या बाईंचा जन्म इ. स. १७९५ चा, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतातला. बोस्टन येथील अमेरिकन बोर्ड ह्या मिशनरी संस्थेने त्यांस मुंबईच्या मुलींच्या शाळांवर नेमून पाठविले. त्या काळी मिशनरी स्त्री परदेशी जाई ती बहुधा मिशनऱ्याची पत्नी म्हणून. अविवाहित राहून केवळ शिक्षिका ह्या नात्याने आलेल्या अगदी पहिल्या अमेरिकन स्त्रियांत फरारबाईंची गणना होते. जून १८२७ मध्ये त्या बोस्टनहून गलबतात बसल्या आणि कलकत्त्यावरून डिसेंबरअखेर मुंबईस पोचल्या. वय ३२ वर्षांचे. ह्याच मिशनचे न्यूवेल १८२१ साली आणि गॉर्डन हॉल १८२६ साली महामारीने, म्हणजे पटकीने, वारले होते. तेव्हा आपण कोठे जात आहो ह्याविषयी बाईंची भ्रांती असणे शक्य नव्हते.

मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची पहिली शाळा १८२४ साली उघडली होती. ह्या शाळांत प्रत्यक्ष धडे देत ते आपलेच पंतोजी. मिशनरी मंडळी देखरेख करीत व परीक्षा घेत. कित्येक ब्राह्मण पंतोजी ख्रिस्ती पुस्तकांतील धडा मुलांकडून घोकून घेत आणि घरी जाऊन स्नान करून संध्येस बसत. वाचकांस ह्याचे हसू येईल. परंतु मला तो व्यवहार दोन्ही पक्षी फारसा लबाडीचा वाटत नाही. एकास शिक्षक हवा होता, दुसऱ्यास पोट होते.

आता भाषा. बाई आल्या तेव्हा मोल्सवर्थसाहेबांचा कोश निघालेला नव्हता; तो १८३१ साली प्रसिद्ध झाला. केरीसाहेबांचे १८०५ चे व्याकरण व १८१० चा कोश होता, आणि १८२४ चा व्हान्स केनेडींचा कोश होता. पण कोशावरून उच्चार येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याच्या जिभेला त आणि ट ह्यांतील भेद ठाऊकच नसतो. आपण 'पात', 'पाट' आणि 'पाठ' हे तीन शब्द सहज म्हणतो. नवख्यास ते तिन्ही एकच ऐकू येतात. त्यातून 'चमचा' शब्दातील पहिला च निराळा आणि दुसरा निराळा, हे लिहून दाखविण्याची सोय बालबोधीत नाही. ळ तर आमच्या शेजारच्या हिंदी भाषिकांसही साधत नाही. लिंगे तीन, आणि 'आम्ही जाऊ' म्हटले तर ऐकणारा मागे राहतो, 'आपण जाऊ' म्हटले तर तो बरोबर येतो, हा भेद इंग्रजीत एका शब्दाने दाखविता येत नाही. पोरास 'तू', सासूस 'तुम्ही', पाहुण्यास 'आपण'. ह्यात चूक झाली तर व्याकरण बिघडत नाही, माणूस दुखावतो. शिवाय लिप्या दोन: छापील बालबोध आणि रोजच्या कागदपत्रांची मोडी.

शिकविण्यास आलेल्या माणसास सर्वांत जड जाते ते हेच. आपल्या गावी जो विद्वान, त्यास येथे पाच वर्षांचे पोर हसते. कोकणातून वा पुण्याहून आमच्याकडे आलेल्या शिक्षकासही पहिले काही महिने 'लेकरू' म्हणावयास लागतात. मग ज्यास अक्षरच नवे त्याची कथा काय! जो हे हसू सोसतो तो टिकतो. जो रागावून आपल्याच देशबांधवांच्या वसाहतीत दार लावून बसतो, तो दहा वर्षे राहिला तरी पाहुणाच.

बाईंचा हेतू धर्मप्रसाराचा होता. तो झाकण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांची धास्तीही पोकळ नव्हती. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावास, श्रीपतीस, परत आणण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली आणि मग त्याच्या प्रायश्चित्तावरून ब्राह्मणवर्गात मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या वेळी मुलाची बाजू घेतली. अशा प्रसंगानंतर कोणता बाप आपली मुलगी मिशनच्या शाळेत सुखाने पाठवील? तथापि त्या धास्तीचा भुर्दंड मुलींनी भरला. मिशनची शाळा नको म्हणणाऱ्यांनी आपली तरी लगोलग काढावी होती. पुण्यात मुलींची मोठी शाळा, हुजूरपागा, निघाली ती १८८४ साली. मुंबईच्या त्या पहिल्या शाळेनंतर साठ वर्षांनी.

दहा वर्षांच्या कामानंतर, १८३७ साली, बाई प्रकृतीमुळे मायदेशी गेल्या. तेथेच राहिल्या असत्या तर कोणी नावे ठेविली नसती. पहिल्या खेपेस माणूस उत्साहाच्या भरात निघतो, पुढचे त्यास दिसत नसते. दुसऱ्या खेपेस उन्हाळा, आजार, एकटेपण, पोरांचे हसू, सारे ठाऊक असते. बाई १८३९ साली परत आल्या आणि नगरास राहिल्या. माझ्या मते त्या ह्या देशात खऱ्या अर्थाने रुळल्या हे तेव्हा ठरले.

त्या काळी नगर कंपनी सरकारच्या अमलाखाली आणि आमचा बीड जिल्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात होता. ती सीमा १९४८ पर्यंत टिकली. नगरास जे शिक्षण सुरू झाले ते हद्दीपलीकडे आमच्याकडे येण्यास फार वर्षे लागली. आज नगर ते आष्टी आगगाडी आहे (सप्टेंबर २०२२ पासून) आणि कड्यास तिचे स्टेशन आहे.

नगरातील फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहावयास जोतीराव फुले गेले होते. त्या पाहूनच तशी शाळा काढावी असे मनात आल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे ह्याच बाईंपाशी घेतले, असे चरित्रकार लिहितात. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. जोतीरावांनी बाईंची शाळा उचलली. बाईंचा धर्म मात्र घेतला नाही. बाईंस ह्याचे सुख वाटले असेल की खेद, कोण जाणे. त्या पुढेही नगरातच शिकवीत राहिल्या आणि जानेवारी १८६२ मध्ये तेथेच वारल्या.